बिरोबाच्या वळूचं शेण

कुरणातलं शेण जागचं हलेना, हे सगळ्यांत आधी राहीच्या लक्षात आलं. शेणाकडे लक्ष ठेवणारी ही कसली मुलगी, म्हणून तुम्ही नाक मुरडाल, तर खुशाल मुरडा. पण ही सगळी गोष्ट शेणाचीच आहे, तेव्हा काय ते एकदाच मुरडून घ्या.

राही विरकर माणदेशातल्या हिंगणमाळ गावची. ट्रॅक्टर आपले आपण शेत नांगरून घरी येऊ लागले होते, त्या काळातली ही हकिकत. गावाच्या दूध सोसायटीनं गुरं राखायला एक यंत्रमानव आणला होता. मानव म्हणायचं ते नावाला. चार पाय, शेळीएवढी उंची आणि लांब मानेवर एक डोळा. दिवसभर तो गुरांना हुकूम सोडायचा, म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं मुकादम.

मुकादम कामाला चोख. प्रत्येक जनावराच्या कानातला बिल्ला ओळखून दर महिन्याला तो त्याला जंताच्या औषधाचा डोस पाजायचा. “हिंगणमाळच्या एकाही गुराच्या पोटात जंत नाही,” असं तो रोज सकाळी, कुणी विचारलेलं नसताना, सांगायचा.

गुरं ठणठणीत होती, पण कुरण मात्र मरत चाललं होतं. शेणाचे पो वाळून खापरीसारखे कडक व्हायचे आणि तसेच पडून राहायचे. त्यांच्याखालचं गवत उजेडावाचून जळायचं. पोच्या आसपासच्या गवताला गाई तोंड लावत नसत. माश्यांनी तर उच्छाद मांडला होता. शेवटी सोसायटीचे अध्यक्ष अण्णा पिसे यांनी सांगून टाकलं, की दसऱ्यानंतर सगळी गुरं बंद गोठ्यात जातील आणि कुरणावर सौरपट्ट्या बसतील.

हे ऐकल्यापासून राहीला घास गोड लागेना. तिची कालवड मोरणी उघडं रान दिसलं की शेपूट उंचावून उधळायची. ती आता जन्मभर चार भिंतींत उभी राहणार होती. मग ती रोज मुकादमाबरोबर कुरणात फिरू लागली. कुरण का मरतंय ते कळल्याशिवाय मोरणी सुटणार नव्हती.

एके दिवशी ओढ्याच्या वरच्या अंगाला ती थबकली. सकाळीच तिथं तिनं एक भलामोठा पो पाहिला होता. आता तिथं नुसता चोथा उरला होता आणि शेजारी भुसभुशीत मातीची ढिगुळं. तिनं मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, आज इथं कोणतंही जनावर आलेलं नाही.

“अरं, बिरोबाचा वळू मी डोळ्यांनी बघितला की हितं,” राही म्हणाली.

“त्याच्या कानात बिल्ला नाही. माझ्या हिशेबात तो जनावर नाही.”

राहीला हसू आलं. मुकादमाचंही खरंच होतं म्हणा. तो वळू देवाला सोडलेला. त्याला मालक नाही, दावं नाही, आणि देवाच्या वळूचा कान टोचायची छाती गावात कुणाची नाही. वाटेल त्याच्या शेतात तो घुसायचा आणि शेतकरी हाकलायच्या ऐवजी हात जोडायचा. हसता हसता तिला एकदम काहीतरी सुचलं.

“मग त्याला जंताचं औषध बी देत न्हाईस?”

“नाही.”

राहीनं खुरपं आणलं आणि ढिगुळाखाली उकरायला घेतलं. आत करंगळीएवढं बीळ निघालं. बिळाच्या तळाशी शेणाचा घट्ट वळलेला गोळा होता आणि गोळा फोडल्यावर आत एक पांढरी, गुबगुबीत अळी वळवळत होती. तिनं मुकादमाला हे काय म्हणून विचारलं आणि मुकादम धडाधडा सांगू लागला.

हे शेणभुंगेरे (शेणावर जगणारे कठीण पंखांचे किडे). ताज्या शेणाच्या वासानं ते उडत येतात. काही जण शेणाचा गोळा करून ढकलत नेतात, काही तिथंच बीळ खणून शेण खाली ओढतात आणि त्यात अंडी घालतात. अंड्यातून निघालेली अळी शेण खाऊन वाढते. शेण जमिनीत गेलं की मुळांना खत मिळतं. बिळांमुळे माती भुसभुशीत होते आणि पावसाचं पाणी वाहून न जाता आत मुरतं. आणि शेणच वर उरलं नाही, तर माशी अंडी घालणार कुठं?

“हे समदं तुला आधीपासनं ठावं हुतं?”

“होतं. कुणी विचारलं नाही.”

राहीनं कपाळाला हात लावला. मग तिनं खरा प्रश्न विचारला. गाईला पाजलेलं औषध जातं कुठं? मुकादम म्हणाला, पोटातले जंत मारून बरंचसं औषध शेणावाटे बाहेर पडतं. एवढं बोलून तो थांबला. त्याचा डोळा मिटला, उघडला.

“त्या शेणात अळी जगणार नाही,” तो म्हणाला. “मी ही शक्यता तपासली नव्हती.”

औषधानं भुंगेरे मरतात म्हणून कुरण मरतंय, हे राहीनं जाऊन सांगितलं, पण अण्णांना ते पटेना. अण्णा काही वाईट माणूस नव्हते, पण पोरींचं ऐकायची त्यांना सवय नव्हती. “पोरी, त्यो वळू साऱ्या गावाचा ऊस खातो. त्याचं शेण येगळंच आसणार,” ते म्हणाले. राहीला राग आला, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, की अण्णांचं म्हणणं बरोबर आहे. वळूचा चारा वेगळा, आणि त्याला औषधही नाही. मग शेणातला फरक नक्की कशामुळे, हे ठरवायचं कसं?

मुकादमानं वाट सांगितली. तिला म्हणतात नियंत्रित प्रयोग (एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं). म्हणजे एकाच वयाच्या, एकाच दावणीच्या, एकच चारा खाणाऱ्या दोन कालवडी हव्यात. एकीला औषध द्यायचं, दुसरीचं बंद करायचं.

राहीच्या गोठ्यात अशा दोनच होत्या, गवळण आणि मोरणी. औषध बंद केलं आणि जंत झाले, तर कालवड खंगणार. राहीला भीती वाटली, फार वाटली. तरी तिनं मोरणीचंच नाव सांगितलं. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, आधी नाही म्हटलं आणि मग पोरीच्या तोंडाकडे बघून संमती म्हणून मुकादमाच्या पडद्यावर अंगठा टेकवला. मुकादम मोरणीच्या शेणात जंतांची अंडी दिसतात का ते रोज तपासायचा आणि तो सांगेपर्यंत राही जागची हलायची नाही. मोरणी मात्र नेहमीसारखी उधळत होती.

औषधाचा जुना अंश अंगातून पुरता जाईपर्यंत त्यांनी दम धरला. मग दोघींचं शेण, सारख्याच वजनाचं, भुंगेरे होते तिथं, ओढ्याच्या वरच्या अंगाला हारीनं मांडलं. दसरा तोंडावर आला, तेव्हा राहीनं अख्खी सोसायटी कुरणात बोलावली. गवळणीचे पो बरेचसे तसेच पडले होते. मोरणीच्या पोंचा चोथा झाला होता.

“अण्णा, तुमीच उकरा,” राहीनं खुरपं पुढं केलं.

अण्णा धोतर सावरून बसले. गवळणीच्या पोखाली दोनचार गोळे निघाले. फोडले, तर आत अळ्या काळ्या पडून वाळलेल्या. मग मोरणीच्या पोखाली उकरलं. गोळा फुटला आणि टपोरी अळी अण्णांच्या तळहातावर वळवळू लागली.

“अध्यक्ष,” मुकादम म्हणाला, “जंत मारायच्या नादात मी कुरण मारत होतो. चूक माझी आहे. यापुढे मी आधी शेण तपासेन. ज्याला जंत आहेत त्यालाच औषध देईन, आणि औषध उतरेपर्यंत त्याला गोठ्यात ठेवेन.”

अण्णांनी अळी अलगद मातीत ठेवली, वर गोळा झाकला आणि ते उठून म्हणाले, “गुरं कुरणातच ऱ्हातील. सौरपट्ट्या गोठ्याच्या छपरावर बसवा.”

आबांनी राहीला सगळ्यांदेखत खांद्यावर उचललं. एवढी मोठी झालेली मुलगी, पण तिला त्याची लाज वाटली नाही.

कुरण काही एका रात्रीत सुधारलं नाही. पण पुढच्या वर्षी वळवाच्या सरीनंतर संध्याकाळी भुंगेऱ्यांचा घूं घूं आवाज घरापर्यंत ऐकू आला आणि श्रावणात गवत राहीच्या गुडघ्याला लागलं. मुकादमानं ही हकिकत तालुक्यातल्या सगळ्या यंत्रमानवांना कळवली. तिथल्या औषधाचेही नियम बदलले. शेजारच्या झरेवाडीत मात्र भुंगेरेच उरले नव्हते. त्यांनी हिंगणमाळकडे भुंगेरे मागितले.

मग गावानं त्यांची पाठवणी केली. ताज्या शेणानं भरलेली, भुंगेऱ्यांची पाटी राहीच्या डोक्यावर, पुढं हलगी, मागं अण्णा, आबा, मुकादम आणि निम्मं गाव. शिवेवर झरेवाडीची माणसं हळदकुंकू घेऊन उभी होती. शेणाच्या पाटीचं असं स्वागत आजवर कुठं झालं नसेल. हलगीनं ठेका वाढवला, पोरं नाचू लागली. तेवढ्यात डोक्यावरच्या पाटीत भुंगेरे कुरकुरले, तशी त्यांना हिसके बसू नयेत म्हणून राहीनं आपली चाल जरा सावकाश केली.