हिरव्या दिव्याची साक्ष

"आपण चढावर जायचं. आजच्या आज," मास्तर म्हणाला. "कुठलाही तपास घटनास्थळापासून सुरू होतो."

मास्तर म्हणजे ठिणगीचा आतेभाऊ. वय तेरा, नाकावर चष्मा, आणि तोंड उघडलं की व्याख्यान. सुट्टीत तो मामाकडे मजा करायला आला होता. पण या वेळी मामाच्या घरात मजेचं नाव काढायची सोय नव्हती.

ठिणगी दुकानाच्या पायरीवर बसून वायरच्या तुकड्याला उगाच वेटोळी घालत होती. मागे तिचे बाबा हत्यारं खोक्यात भरत होते. पक्कड, मीटर, सोल्डरगन. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं सगळे म्हणत. आता त्याच लोकांनी दुकानासमोर गाडी उभी करणंसुद्धा सोडलं होतं.

"जाऊन काय होणार?" ठिणगी म्हणाली. "बाबा उद्या दुकानाची चावी देऊन टाकणार. मग आम्ही शहरात, आणि बाबा कुठल्यातरी फाटकावर वॉचमन."

"म्हणून तर आज जायचं!" भिंगरी म्हणाली. एका जागी दोन मिनिटं टिकली तर आजारी पडेल अशी ही मुलगी, दवाखान्याच्या ड्रायव्हरकाकांची लेक आणि ठिणगीची जिवलग मैत्रीण.

सगळं सुरू झालं होतं दवाखान्याच्या गाडीपासून. गाडी जुनी, पण हाडापेराने दणकट. वरच्या वस्तीच्या चिखलाच्या चढावर फक्त तीच जायची. मात्र चारही चाकांना जोर द्यायचा तर सीटशेजारचा एक लांब दांडा ओढावा लागे, आणि तो ओढताना ड्रायव्हरकाकांचा खांदा निखळायची वेळ येई. बाबांनी भंगारातल्या एका नव्या गाडीची मोटर आणून तो दांडा आपोआप सरकवायला खाली बसवली आणि डॅशबोर्डवर बटण दिलं. बटण दाबलं की गाडीच्या पोटात 'घर्र' व्हायचं, मग 'टक', आणि गाडी फोर-व्हीलमध्ये! बटणाशेजारी हिरवा दिवा लागायचा. काचाही बटणावर वर-खाली होऊ लागल्या. सगळ्या पोरांनी त्या काचा इतक्यांदा खालीवर केल्या की शेवटी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना आवाराबाहेर काढलं होतं.

मग एका धुक्याच्या दुपारी लस घेऊन वर जाताना गाडी चढावरून मागे घसरली, गर्रकन फिरली आणि तोंडाने दगडावर आदळली. आत बसलेल्या सिस्टरच्या पायाचं हाड मोडलं. ड्रायव्हरकाका शपथेवर सांगत होते, "मी बटण दाबलं होतं. हिरवा दिवा लागला होता!"

बाबांनी गाडी पुन्हा पुन्हा तपासली. दर वेळी घर्र, दर वेळी टक. "सापडणाऱ्या बिघाडाला मी भीत नाही," ते आईला म्हणाले होते. "हा सापडतच नाही. म्हणजे तो माझ्या हातातच असणार." त्या दिवसापासून त्यांनी टेस्टरला हात लावला नव्हता.

तिघं चढावर पोचली तेव्हा चिखल वाळून कडक झाला होता आणि चाकांच्या खुणा जशाच्या तशा राहिल्या होत्या. मास्तर गुडघ्यांवर बसला. एरवी अशा वेळी त्याचं व्याख्यान सुरू व्हायचं. आज तो बोटाने खुणांची खोली मोजत बसला.

"काय दिसलं?" ठिणगीने विचारलं.

"मागची चाकं जागच्या जागी फिरलीत. बघ, केवढे खड्डे पाडलेत. पण पुढच्या चाकांनी नुसती नक्षी उमटवलीये. त्यांना जोर मिळालाच नाही."

पुढच्या चाकांना जोर मिळाला नाही याचा अर्थ सांगायला ठिणगीला मास्तराची गरज नव्हती. बटण दाबलं होतं, दिवा लागला होता, आणि तरी गाडी फोर-व्हीलमध्ये गेलीच नव्हती. बाबांना सोडवणारा पुरावा शोधायला ती आली होती आणि तिला सापडला होता तो बाबांना बुडवणारा.

"आपण हे कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"पण ठिणगे, पुरावा म्हणजे..."

"मास्तर, गप्प बस!"

तेवढ्यात भिंगरीने दगडाजवळून काहीतरी उचललं आणि चटकन मूठ मिटली. मास्तरने हात पुढे केला तेव्हा तिने नाइलाजाने मूठ उघडली. पिवळ्या जाड काचेचा तुकडा होता.

"गाडीचे दिवे तर पांढरे आहेत, आणि धडधाकट आहेत," मास्तर पुटपुटला. "मग ही काच कुठली?"

भिंगरीने तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि वळली. उतारावरून ती एकटीच पुढे चालत राहिली, तीही सावकाश, आणि घर आलं तेव्हा मागे न बघता आत गेली. ठिणगीला वाटलं, आता हीसुद्धा आपल्यापासून तुटली. त्या रात्री ती जेवली नाही. आईने का म्हणून विचारलंही नाही, कारण घरात कुणीच धड जेवत नव्हतं.

सकाळी दवाखान्याच्या आवारात गाडी भंगारात ओढून न्यायला टेम्पो येणार होता. त्याआधीच भिंगरी ठिणगीच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, हातात गोणपाट. त्यात दोन मोठे पिवळे दिवे होते, एकाची काच फुटलेली.

"पप्पांच्या पलंगाखाली होते," ती म्हणाली. "धुक्यात दिसावं म्हणून त्यांनी बंपरवर बसवून घेतले होते. अपघातानंतर काढून आणले आणि मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस." मग ती रडायला लागली. "तुझे बाबा सुटले तर माझे पप्पा अडकतील ना?"

खोटं बोलून धीर द्यावा इतकी भिंगरी लहान राहिली नव्हती. "हो," ठिणगी म्हणाली. "आणलेस ते परत नेलेस तरी मी तुझ्याशी भांडणार नाही."

भिंगरीने गोणपाट तिच्या हातात दिलं.

तपासणीसाठी बाबांकडे राहिलेली गाडीची चावी ठिणगीने खिळ्यावरून न विचारता घेतली. आवारात जाऊन ती बंपरखाली वाकली. तिथे दोन उघड्या वायरी लोंबत होत्या. अपघातात तुटल्या असतील म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेल्या. तिने त्या पिवळ्या दिव्यांना पिळून जोडल्या. सुट्टीभर बाबांच्या मागे मागे फिरल्याचा एवढा तरी उपयोग होता.

तेवढ्यात टेम्पो आला. मागोमाग डॉक्टरबाई आणि ड्रायव्हरकाका आले. चावी शोधत बाबाही येऊन पोचले.

"ए पोरांनो, व्हा बाजूला!" ड्रायव्हरकाका ओरडले. मग त्यांना दिवे दिसले, दिव्यांशेजारी उभी लेक दिसली, आणि उगारलेला हात त्यांनी खाली घेतला.

"बाबा, नुसतं ऐका," ठिणगी गाडीत चढून चावी फिरवत म्हणाली. तिने बटण दाबलं. घर्र. टक. पुन्हा दाबून गाडी टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर आणली. मग पिवळे दिवे लावले आणि परत बटण दाबलं. घर्र झालं, आवाज मध्येच दमला आणि थांबला. टक झालंच नाही. डॅशबोर्डवर हिरवा दिवा मात्र काही झालंच नसल्यासारखा लागला होता.

बाबा धावत आले आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून बसले. "मोटरच्याच वायरीतून दिव्यांना करंट घेतलाय," ते म्हणाले. "दिवे लागले की मोटरला जोरच उरत नाही. कुणी जोडलं हे?"

"दिवे विकणारा दुकानदार म्हणाला, हीच वायर जवळ पडते," ड्रायव्हरकाका मान खाली घालून म्हणाले. "बाईंना न विचारता बसवले होते, म्हणून लपवले. पोरीला खोटं बोलायला लावलं मी."

डॉक्टरबाई तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "थांबा. पिवळे दिवे त्यांचे, पण हिरवा दिवा माझा. खाली दांडा सरकला की नाही ते कळायची सोय या जुन्या गाडीत नव्हती, म्हणून मी तो सरळ बटणावर जोडला. बटण दाबलं एवढंच तो सांगतो. गाडीने ऐकलं का, हे त्याला ठाऊकच नाही. मी हे कुणाला बोललो नाही. काका त्या दिव्यावर विसंबले, आणि सिस्टर तिकडे खाटेवर पडल्यात."

ठिणगीला वाटलं होतं, कोडं सुटलं की सगळं पहिल्यासारखं होईल. तसं काहीच झालं नाही.

शेवटी डॉक्टरबाईंनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "शाबास. आम्ही मोठ्यांनी करायचं ते तुम्ही केलंत." भिंगरीकडे बघून त्या म्हणाल्या, "तुझं काम सगळ्यांत अवघड होतं." मग त्यांनी टेम्पो परत पाठवला आणि बाबांना विचारलं, "दांडा खरंच सरकला की लागेल, असा दिवा बसवता येईल?"

ड्रायव्हरकाका भिंगरीचं बोट धरून निघून गेले. बाई दवाखान्यात गेल्या. मग बाबांनी ते रिकामं गोणपाट जमिनीवर पसरलं आणि पाठीवर पडून गाडीखाली सरकले.

"ठिणगे, पिवळ्या दिव्यांच्या वायरी सोड. बटण दाब. आणि त्या हिरव्याकडे बघू नकोस."

घर्र. टक.

"झालं, बाबा?"

बाहेर राहिलेले त्यांचे पाय तेवढे दिसत होते, आणि खालून नाक ओढल्याचा आवाज आला. मास्तर चष्मा पुसत दुसरीकडे बघत राहिला. मग गाडीखालून एक हात बाहेर आला, तळवा वर करून.

"टेस्टर आण," बाबा म्हणाले.

ठिणगी दुकानाकडे पळाली. टेस्टर खोक्याच्या अगदी तळाशी होता. तिने सगळं खोकंच जमिनीवर उपडं केलं.