आजच्या पुढची रेषा

कारखान्यातल्या अपघातांचा आलेख दर सोमवारी साहेबांच्या टेबलावर जायचा. रनिंग टोटलचा आलेख, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासूनचे अपघात मिळवत जाणारी एकच रेषा. अपघात झाला की ती पायरी चढायची, नाही झाला की सपाट राहायची. खाली येणं तिच्या नशिबातच नव्हतं. आलेख करणारी बाई अकरा वर्षं त्याच खुर्चीत होती आणि तिच्या कामात कधी खोट निघाली नव्हती.

या सोमवारी निघाली. सॉफ्टवेअरमधलं कॅलेंडर डिसेंबरपर्यंत होतं आणि ते आजच्या तारखेला तोडायचं ती विसरली. रेषा आजच्या तारखेशी न थांबता थेट डिसेंबरपर्यंत गेली. नवशिके करतात ती चूक.

"हे शेपूट कापा," साहेब म्हणाले. "उद्याचे अपघात आजच मोजता? ज्योतिष कधीपासून सुरू केलंत?"

ती जागेवर आली, कापायला बसली आणि थबकली. पुढे नोंदीच नाहीत, तेव्हा शेपूट सपाट असायला हवं होतं. ते गुरुवारी सातावरून नवावर चढत होतं.

तिने नोंदी मोजल्या. सातच. सूत्र नव्याने लिहिलं. चढ तसाच. विभागवार फोडून पाहिलं, तर चार नंबरचा प्रेस, दुसरी पाळी.

तिथे तिचा धाकटा भाऊ काम करायचा. प्रेससमोरची संरक्षक जाळी फेब्रुवारीपासून मोडलेली होती आणि दुरुस्तीचा अर्ज साहेबांच्या ट्रेमध्ये पडून होता.

"गुरुवारी चार नंबर बंद ठेवा, साहेब."

"का?"

आलेखाचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना. "जाळी मोडलीय."

"ती फेब्रुवारीपासून मोडलीय. गुरुवारचं काय विशेष?"

बुधवारी तिने भावाला गाठलं. "उद्या रजा टाक."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? माझ्या जागी त्या चष्मेवाल्याला उभं करतील. त्याला ते मशीन धड माहीतही नाही."

"करू देत," ती म्हणाली.

गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी अपघाताचा भोंगा वाजला. चष्मेवाल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. साहेबांनी ट्रेमधून जाळीचा अर्ज काढला आणि मागची तारीख घालून मंजुरीची सही केली. ती समोर उभी होती.

तिने आठवी नोंद भरली. अपघात एकच, माणूस एकच. रेषेने आठावर थांबायला हवं होतं.

रेषा नवावर होती.

तिने त्या बिंदूवर क्लिक केलं. यादी उघडली. आठवी ओळ चष्मेवाल्याची. नवव्या ओळीत नाव नव्हतं, कामगार क्रमांक नव्हता. फक्त वेळ होती. तीन दहा.

ती धावतच घरी आली. भाऊ खिडकीशी बसून चहा पीत होता. कप डाव्या हातात होता.

"उजव्या हाताला काय झालं?"

"काही नाही गं. दुपारपासून दोन बोटं गार पडलीत. झोपेत अंगाखाली आली असतील."

"आण, दाबून देते."

तिने ती दोन्ही बोटं मुठीत घेतली. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"अगं, दाब ना," थोड्या वेळाने तो म्हणाला. "नुसती धरून काय बसलीस?"

ती केव्हाची जीव खाऊन दाबत होती.