जोत्यावर वाढलेलं पान

मी भित्रा माणूस नव्हे, एवढं आधी ध्यानात घ्या. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वीस वर्षं सायकलचं दुकान चालवतोय. चाक का डगमगतंय हे स्वतः फिरवून बघितल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही.

सत्याण्णवच्या एप्रिलात मी आणि माझी बायको गौरा एम-एटी गाडीवरून दाजीपूरच्या अभयारण्यात गवे बघायला गेलो. लग्नाला सात वर्षं झाली तरी तिला कुठं नेलं नव्हतं, हे तिनं राधानगरी येईपर्यंत चार वेळा ऐकवलं. तिथं आकाराम नावाचा वाटाड्या घेतला. साठीचा, काटक, बोलण्यात कंजूष.

भर दुपारी आम्ही एका उठलेल्या वाडीपाशी आलो. जंगल राखीव झालं तेव्हा इथली माणसं खाली जाऊन राहिली होती. मागं उरली होती घरांची दगडी जोती आणि फणसाची झाडं. आकाराम थांबला.

"हितं कुणी इचारलं, तर जेवलोय म्हणायचं. आन् फुडं चालायचं."

मी हसलो. गौरानं मला कोपरानं ढोसलं.

तिसऱ्या जोत्याजवळ पाखरं गप्प झाली. ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला, पाठोपाठ नाचणीची भाकरी भाजल्याचा. कारवीच्या झुडपाआडून बाईचा आवाज आला, अगदी घरगुती.

"पावणं, जेवलासा का?"

करवंदं तोडणारी कुणीतरी असणार. आणि अशा वेळी कोल्हापूरचा माणूस गप्प बसतो होय?

"कुठलं जेवतोय! वाढा की!" मी ओरडलो.

आकारामचा चेहरा उतरला. "काय केलासा हे... आता ती वाढून वाट बघणार. पावणा जेवल्याबिगर हितल्या बायका घास घेत न्हाईत."

मी झुडपामागं जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. आकारामनं आम्हाला जवळजवळ पळवतच बाहेर काढलं. गवा एकही दिसला नाही.

त्या रात्री गौरानं मला वाढलं, पण स्वतः बसली नाही. "पावण्यांचं व्हायचंय," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. भुकेनं कळवळायची, घास हातात घ्यायची, दाराकडं बघायची आणि परत ताटात ठेवायची.

"अगं, मी जेवलो की!"

"तुमचं न्हवं हो... मला कळत न्हाय... घासच उतरत न्हाय..."

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सलाईन लावलं. तपासण्यांत काहीच निघालं नाही. सहाव्या दिवशी तिच्या बांगड्या हातातून आपोआप निसटल्या. तेव्हा मात्र मी घाबरलो. ती डोळ्यांदेखत जाणार असं वाटलं आणि मोरीत जाऊन रडलो.

सातव्या दिवशी आकारामचं बोलणं आठवलं आणि एकटाच वाडीवर गेलो. ऊन रखरखत होतं. तिसऱ्या जोत्यावर हिरव्या पानांची पत्रावळ मांडलेली होती. भाकरीतून वाफ निघत होती. शेजारी फणसाची भाजी, पाण्याचा तांब्या. आसपास माणूस नाही, चूल नाही, धूर नाही.

मी मांडी घातली आणि जेवलो. खोटं कशाला बोलू, तसं जेवण मी जन्मात जेवलो नाही. पानात कण ठेवला नाही. पाणी प्यालो आणि मोठ्यांदा म्हणालो, "पोट भरलं, आक्का. आता तुम्ही जेवा."

पाठीमागं कुणीतरी गुडघ्यावर हात टेकून उठल्यासारखं वाटलं... बांगड्या वाजल्या. मी वळून बघितलं नाही.

परतताना गाडी जड चालत होती, डबलसीट असल्यासारखी. दोनदा उतरून चाकं तपासली. हवा बरोबर होती.

घरी पोचलो, गाडी स्टँडला लावून आत येतो तो काय, गौरा स्वयंपाकघरात बसून जेवत होती! तिसरी भाकरी. माझे डोळे भरून आले. जवळ बसलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सावकाश खा गं, गौरा."

तिनं डोक्यावर पदर ओढला. वर न बघता म्हणाली, "वाडी उठल्यापास्नं उपाशीच की वो, पावणं... आज प्वाट भरलं."

त्याला बारा वर्षं झाली. ती ठणठणीत आहे, दोन वेळा पोटभर जेवते. मला पावणंच म्हणते. आता तुम्हीच सांगा, माझी गौरा कुठं उपाशी बसली असेल?