चक्र पुसणार नाही

"अहो, पाय...!"

आम्रपाली दचकून थांबली. पण तिच्या बुटाखाली रांगोळीची एक पाकळी गेलीच होती. खंडेनवमी होती, चाकणला ती कामाला होती त्या कंपनीत मशिनींची पूजा, सगळीकडे झेंडूचा वास. दारात उकिडवा बसलेला तरुण रंगलेले हात तसेच धरून तिच्याकडे बघत होता. शर्टावर नाव होतं — माऊली.

"सॉरी. नीट करून देते."

"येतं?"

"बघाच."

तिनं पाकळी भरली. मग मधल्या मोकळ्या वर्तुळात निळ्या रांगोळीनं आठ आऱ्यांचं चक्र काढलं.

"हे तुमच्या विहारातलं ना?"

"हो, धम्मचक्र. लडाखला भिक्खू रंगीत वाळूचं अख्खं मंडल काढताना पाहिलंय मी. दिवसचे दिवस खपतात... आणि पूर्ण झालं की पुसून टाकतात."

"पुसतात? कशापायी?"

"काहीच टिकत नाही, हे कळावं म्हणून."

तो हसला. "आमची आई म्हणती, रांगोळीच्या मधल्या ठिपक्यात देव बसतो. तुमच्यात कोण बसतं?"

"कुणी नाही. तिथं आपण स्वतःकडे बघायचं."

"म्हंजी जागा रिकामी हाय..."

"तुमच्यासाठी नाही!" ती म्हणाली. पण ओठांवरचं हसू काही लपलं नाही.

तेवढ्यात सुपरवायझर आले. सयाजी — माऊलीचे सख्खे काका. "ते चक्र पुसा. पूजा आपली हाय. दुसरी खूण नको हितं."

आम्रपाली उभी राहिली. "भिक्खू पुसतात ते स्वतःच्या मनानं. तुम्ही सांगताय म्हणून मी पुसणार नाही."

"काका," माऊली शांतपणे म्हणाला, "पुसायचंच तर माझी रांगोळी पण पुसा."

काका पाय आपटत आत गेले. चक्र राहिलं.

मग सुट्टीच्या दिवशी दोघं अशीच गोल नक्षी शोधत हिंडू लागले. दर्ग्याच्या जाळीतली चांदणी, चर्चच्या खिडकीतलं रंगीत काचेचं फूल... "सगळ्यांनी मध्यच शोधलाय," ती म्हणायची. तो मात्र काचेवरून तिच्या गालावर उतरलेला लाल उजेड बघत असायचा.

हिवाळ्यात त्यानं तिला लग्नाचं बोलायला घरी नेलं. सयाजीकाका आधीच येऊन बसले होते.

"पोरगी चांगली हाय," आई कुशाबाई म्हणाल्या. "पर नाव बदलावं लागंल. आन् ते चक्र-बिक्र म्हायेरीच ठिव."

आम्रपालीनं कप खाली ठेवला. "आई, तुमच्या देवाला मी कधी नको म्हणणार नाही. पण आम्रपाली हे नाव माझ्या बाबांनी ठेवलंय. मी आले तर अख्खी येईन."

"आन् आमी न्हाई म्हटलं तर?" काकांनी विचारलं.

माऊली उठला. "तर मीच जातो. तळेगावात खोली बघितलीय."

कुशाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पण थांब, असं कुणीच म्हणालं नाही.

दोघं मोटारसायकलवरून निघाले. कांदा मार्केटपाशी तिनं मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली. "गाडी थांबव."

"रडतीस?"

"नाही. तिथं एवढं सगळं बोलले... आणि तुला एक गोष्ट अजून बोललेच नाही. प्रेम आहे माझं तुझ्यावर."

"काय? ऐकू न्हाई आलं."

त्याचे कान लाल झाले होते. सगळं ऐकू आलं होतं! ती गाडीच्या फूटरेस्टवर उभी राहिली आणि ओरडली, "प्रेम आहे माझं तुझ्यावर!"

हमाल थबकले. मागच्या ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "हो म्हण की भावा, रस्ता आडलाय!"

माऊलीनं गाडी हलवली नाही. सगळ्या बाजारासमोर वळून त्यानं तिचा हात हातात घेतला.

"हो," तो म्हणाला. "हजारदा हो."