आंपातोयच्या वळणावरचा खांदा

बसा, अंगावर पांघरूण घ्या. धुकं उतरायला लागलंय. पहिला घोट जमिनीवर सांडा, मग तुम्ही प्या. गेलेल्यांना आधी. हं.

एल्मर तुमच्या ओळखीचाच. कोबीचा ट्रक चालवतो तो. ही त्याची गोष्ट. तो स्वतः कधी सांगणार नाही.

गेल्या फेब्रुवारीतला तिसरा शनिवार. दुपारी ज्युलिताने त्याला निरोप धाडला, की येताना मोठं पातेलं, जळण आणि तंबू ट्रकमध्ये टाकून शाळेच्या मैदानावर आण. आणि जाता जाता गास्परलाही घे. गास्पर म्हणजे तिचा नवरा. रात्री डोंगरातली पाळीची शर्यत होती. एका संघात चौघं. एकाने शाळेपासून धावत सुटायचं, स्मशानाच्या वाटेने कड्यावर चढायचं, पलीकडून कोबीच्या वाफ्यांतून उतरून मैदानावर परत यायचं आणि मनगटाचा पट्टा पुढच्याच्या हातात द्यायचा. यांच्या संघात एल्मरचा धाकटा भाऊ तोमिन, मग ज्युलिता, मग एल्मर आणि शेवटी गास्पर.

एल्मरने पातेलं घेतलं, जळण घेतलं. गास्परलाही घेतलं. पण त्याच्याशी अवाक्षर बोलला नाही.

"गियर नीट टाक रे, कोबी नाही मी," गास्पर म्हणाला.

एल्मरने गियर आणखी जोरात टाकला.

त्याला कारण होतं. आदल्या पावसाळ्यात एल्मरचा बा गेला. आपल्याकडे माणूस मेला की त्याची शवपेटी दांड्याला बांधून गडी पाळीपाळीने वर नेतात. वाटेत जमिनीला टेकवायची नाही. गास्परचे पाय गावात सगळ्यांत दणकट. चढावर मी आहे, असा शब्द त्याने दिला होता. आणि त्या दिवशी तो शहरात शर्यत पळत होता! खांदे कमी पडले. स्मशानाच्या चढावर, आंपातोयच्या वळणावर चिखलात गड्यांचे गुडघे वाकले आणि पेटी खाली टेकली. एल्मरचा बा चिखलात टेकला. सगळ्या गावासमोर. तेव्हापासून एल्मरच्या छातीत निखारा होता. शर्यतीला तो उतरला तो केवळ ज्युलिताच्या शब्दाखातर.

रात्र पडली. तोमिन पळून आला. ज्युलिता पळून आली. तिने पट्टा दिला तेव्हा चंद्र मावळलेला होता. एल्मर कपाळावर दिवा बांधून निघाला.

चढ त्याच्या पायाखालचा होता. पाइनची झाडं, खाली सुयांचा थर, पावलांचा आवाज येत नव्हता. आंपातोयच्या वळणावर त्याचा पाय सटकला. गुडघा खडकावर आपटला. तिथंच. बा टेकला होता तिथंच.

तो बसून राहिला. गुडघ्यातून रक्त येत होतं, पण त्याला कळ नव्हती लागत. राग येत होता. असा राग, की दात वाजत होते.

आता पोरांनो, तुम्हाला आयांनी शिकवलंय. डोंगरात जिथं पडलो, जिथं बसलो, तिथून उठताना माणसाने स्वतःला हाक मारायची. 'चल रे अमुक, इथं राहू नकोस, घरी जाऊ.' नाहीतर आपल्यातलं काहीतरी तिथंच बसून राहतं. आणि दुसऱ्याचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही, तिथलं जे असेल ते त्याला धरतं. एल्मरही लहानपणापासून हे करत आला होता. पण त्या रात्री उठताना तो ओरडला,

"गास्पर! ऊठ! चल! आता तरी खांदा दे, हरामखोरा!"

आणि उठला.

त्याच्या मागे आणखी कोणीतरी उठलं.

सुया चुरचुरल्या. पाऊल पडलं. जड. ओझं घेतलेल्या माणसाचं पडतं तसं.

एल्मरला वाटलं, गास्परच आलाय खालून.

"आत्ता आलास?" वळून न बघता तो म्हणाला. "बा मेल्यावर सात-आठ महिन्यांनी? वा! लवकर आलास!"

नुसता श्वास.

"बोल की! पाय दणकट आहेत, जीभ झडली काय?"

श्वास जवळ आला.

"…खांदा…"

आवाज गास्परचा नव्हता. कोणाचाच नव्हता.

मग एल्मर पळाला. थडग्यांजवळून पळाला, कडा ओलांडला. तिथून पुढं मागे कोणी नव्हतं.

मैदानावर पोचला तर गास्पर शेकोटीत रताळी उलटीपालटी करत होता. बूट बांधून तयार.

"तू… वर आला होतास?"

"मी? तासभर इथंच बसलोय. विचार बायकोला." गास्परने हात पुढे केला. "दे पट्टा. वाट कशी आहे?"

सांगायला हवं होतं. एल्मरने त्याच्या तोंडाकडे बघितलं. हसरं, शेकोटीने लाल झालेलं तोंड. त्याला बाची पेटी आठवली, चिखल आठवला.

"सरळ आहे," तो म्हणाला. "जा."

गास्पर गेला.

ज्युलिता कापूस आणि औषध घेऊन आली. "पडलास होय? कुठं?"

"आंपातोयला."

"उठताना हाक मारलीस ना?"

"मारली."

"स्वतःला?"

एल्मरने तिच्या हातातला कापूस घेऊन गुडघ्यावर दाबला.

"एल्मर. कोणाला हाक मारलीस?"

शेकोटीतलं लाकूड फुटलं. तोमिन उठून उभा राहिला. "दादा… काय केलंस तू?"

ज्युलिताने औषधाची बाटली त्याच्या छातीवर फेकली. "माझा नवरा आहे तो! भांडायचं तर दारात येऊन भांडायचं होतंस! ऊठ. त्याला घेऊन ये. आणि ऐक, वर त्याचं नाव घेऊ नकोस. काही झालं तरी तोंडातून काढू नकोस."

एल्मर फुटक्या गुडघ्याने पुन्हा चढला. वर गास्परचा दिवा हलताना दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मारता येत नव्हती. ओठ घट्ट दाबून तो चढत राहिला.

मग वरचा दिवा थांबला.

आंपातोयच्या वळणावर.

एल्मर पोचला. गास्पर वाकून उभा होता. उजवा खांदा खाली गेलेला. दोन्ही हात हवेत, काहीतरी गच्च धरलेले. घामाने निथळत होता.

"एल्मर… मागे कोण आहे बघ."

"कोणी नाही."

"आहेत. मागचं टोक त्यांनी धरलंय… टेकवू नको म्हणतायत… मला सुटत नाही रे."

एल्मर उभा राहिला. पोरांनो, खरं ते सांगतो. एक क्षण त्याच्या मनात आलं, राहू दे. इथंच वाकून राहू दे याला.

…

मग त्याने पुढे होऊन खांदा लावला.

वजन आलं. लाकूड गळ्याजवळ रुतलं. दिसत काही नव्हतं. पण बाचं वजन लेकाला ओळखू येतं.

"चल," तो म्हणाला.

दोघं चढायला लागले. मागेही पावलं चालत होती. जुळून.

"का नाही आलास?" एल्मरने विचारलं.

"पेटी निघतेय हा निरोप सकाळीच मिळाला होता. शर्यत सोडून येता आलं असतं." गास्परला धाप लागली होती. "नाही आलो."

"एवढंच?"

"एवढंच. त्याला कारण नाही."

"मी माफ नाही करणार तुला."

"नको करू. पाऊल बघून टाक. तिथं दगड आहे."

दोघंही रडत होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते.

बाच्या थडग्यापाशी खांदा आपोआप हलका झाला. मागची पावलं… थांबली. कोणीही वळून बघितलं नाही.

"चल एल्मर, घरी जाऊ," एल्मर म्हणाला.

"चल गास्पर, घरी जाऊ," गास्पर म्हणाला.

एल्मर थोडा थांबला. "बा, तू राहा. तू पोचलास."

ते मैदानावर उतरले तेव्हा उजाडत होतं. बाकीचे संघ तंबू गुंडाळत होते. एल्मरने गास्परला ट्रकमधून घरी सोडलं. तेव्हाही बोलला नाही. अजूनही फार बोलत नाही. पण गास्परची आई गेली तेव्हा पहिला खांदा एल्मरचा होता.

शर्यतीनंतर त्याच सकाळी ज्युलिता आणि तोमिन भात आणि जिनची बाटली घेऊन बाच्या थडग्यावर गेले. बाच्या उशाशी पाइनचा एक लांब दांडा पडला होता. नुकता तोडलेला, चीक ओला. आसपास कुठं खुंट नाही, फांदी तुटलेली नाही. दांड्याची साल दोन्ही टोकांना खांद्यांनी घासून गुळगुळीत झाली होती.

पुढच्या टोकाला दोन जागी.

मागच्या टोकालाही… दोन जागी.