शनिवारी तीन वाजता क्रियापदं

इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदरातल्या वाचनालयात मी नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. बाहेर समुद्रावरचं धुकं... आणि दारात एक उंच खलाशी. कोटाला हेरिंग माशांचा वास.

"क्रियापदं कुठे ठेवता?" त्यानं गंभीरपणे विचारलं.

मला हसू आवरेना. "वरच्या मजल्यावर. शनिवारी तीन वाजता. मीच शिकवते."

तो टोर्लेफ, नॉर्वेचा. जहाजावर अधिकारी व्हायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी होती. पास झाला की ऑस्ट्रेलियाला जाणारं जहाज ठरलेलं.

शनिवारमागून शनिवार गेले. सकर्मक, अकर्मक, सहायक... तो वहीत लिहायचा, आणि मी त्याची बोटं बघायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही गोदीच्या कठड्यावर बसून चिप्स खात होतो.

"थेल्मा, इंग्रजीत 'पळणे'ला आयएनजी लागतं. 'माहीत असणे'ला का नाही?"

"कारण ती कृती नाही, टोर्लेफ. ती स्थिती. आत्ता सुरू, मग बंद—असं तिचं नसतं. ती नुसती असते."

त्यानं हातातली चिप पुन्हा कागदात ठेवली.

"मग माझंही तसंच आहे," तो हळूच म्हणाला. "तुझ्याबद्दल."

मी चिप्सचा कागद चुरगाळत राहिले. मनातलं बोलले असते तर तो गेलाच नसता... असं मला वाटलं.

निकाल लागला. टोर्लेफ नापास! खरं सांगते, मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.

"शेवटचे तीन प्रश्न येत होते मला," तो खाली मान घालून म्हणाला. "लिहिले नाहीत."

"गाढवा! माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

"आणि जन्मभर इथे गोदीत मासे उतरवत मलाच दोष देशील होय? वसंतात पुन्हा परीक्षेला बसायचं. आणि ऐक—ते तुझं, त्या दिवशीचं... माझंही आहे. आता कोरा पेपर देऊन दाखव!"

पठ्ठ्या पहिल्या श्रेणीत पास झाला. जहाज सुटायला नऊ दिवस होते. सहाव्या दिवशी आम्ही लग्न केलं—आईनं माझ्याशी बोलणं टाकलं, वाचनालयातल्या बायकांनी केक केला. दहाव्या दिवशी सकाळी जहाज सुटलं आणि मी एकटीच धक्क्यावरून परतले, बोटातली नवी अंगठी अंगठ्यानं फिरवत.