देवलीला ठेवलं कुठं?

डिसेंबरातल्या एका दुपारी आभा आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, गौरीला, गाडीत बसवून यवतमाळहून आर्णीच्या रस्त्याला लागली. काम अगदी साधं होतं. एका म्हातारीला गोष्ट वाचून दाखवायची आणि त्याबदल्यात एक सही मिळवायची. सही त्या म्हातारीची नव्हे, कुंदामावशींची. पण कुंदामावशींनी एकदा म्हटलं की म्हटलं. त्यांच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे.

गोष्ट होती 'सात पडाव'. कुंदामावशींचे वडील नीळकंठराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेलं हे पुस्तक, आणि त्या बाजूची पोरं ते वाचूनच मोठी झालेली. मीठ लादलेले बैल घेऊन एक तांडा सात मुलुखांतून जातो. एका मुलुखात नदी उलटी वाहते, एकात माणसांना सावल्याच नाहीत. तांड्यात नऊ माणसं, आणि त्यांतली सगळ्यांच्या मागून चालते ती देवली. मुक्कामाला ती सर्वांत शेवटी येते आणि एकेकाचं नाव घेऊन विचारते, "पोचला का? पोचली का?" सगळ्यांचा हुंकार आल्याशिवाय चूल पेटत नाही.

आभाला गोवर आला होता तेव्हा तिच्या वडिलांनी हे पुस्तक उशाशी बसून वाचून दाखवलं होतं. वडील आता नव्हते. ती पुण्यात पटकथा लिहायची, आणि याच पुस्तकाची सहा भागांची मालिका तिच्या वाट्याला आली होती. आयुष्यात दुसरं काही हातून नाही झालं तरी चालेल, हे झालं पाहिजे, असं तिला मनापासून वाटे.

पण सहा भागांत नऊ माणसं मावेनात. निर्मात्यांकडची मंडळी म्हणाली, ही मागून चालणारी बाई करते काय? नुसती नावंच तर घेते. आभा दोन दिवस रुसून बसली आणि तिसऱ्या दिवशी तिनं देवलीला काढून टाकलं. नावं घ्यायचं काम तांड्याच्या नायकाला दिलं. पटकथा एकदम सुटसुटीत झाली, आणि सुटसुटीत झालं की आपलं बरोबरच होतं असं माणसाला वाटायला लागतं.

"मी वाचणार नाही गं," कुंदामावशी म्हणाल्या होत्या. "बाबांनी ही गोष्ट रुपीबाईकडून ऐकली होती. तिनं ऐकून हो म्हटलं, की मी परवानगीच्या कागदावर डोळे मिटून सही करते."

रुपीबाईच्या तांड्याच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीच्या, अलीकडे पुलाचं काम चाललं होतं, म्हणून गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी लागली. तिथून तुरीच्या शेतांमधून पाऊलवाट. तूर यंदा चांगली माजली होती, माणूस आत शिरला तर दिसू नये इतकी. वाऱ्यानं वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या. मायलेकी गप्पा मारत अर्ध्या तासात पोचल्या.

रुपीबाई नव्वदीला टेकलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिचा मुलगा धरमसिंग यानं अंगणात बाज टाकली, सुनेनं, बबितानं, चहा आणला. म्हातारीनं सूप मागवलं, त्यात चाचपून नऊ तुरीचे दाणे ठेवले आणि म्हणाली, "वाच."

"हे दाणे कशाला, आजी?"

"आमच्या याडीची, मायची, रीत हाये. एक दाना एक मानूस. पडाव आला का दाने पुढं सरकवाचे. सांगनारा चुकला तर समजते."

आभा आपली पटकथा वाचत गेली. दर पडावाला म्हातारी हुंकार द्यायची आणि बोटानं एकेक दाणा पुढे ढकलायची. गौरी गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ऐकत होती. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, कापूस वेचून बाया परत आल्या, चुलींचा धूर अंगणात पसरला. सातवा पडाव आला, तांडा पोचला, आभानं शेवटचं पान उलटलं. एवढं चांगलं आपण कधीच वाचलं नव्हतं, असं तिला वाटलं.

म्हातारीचं बोट सुपात फिरत होतं. आठ दाणे एका कडेला होते. एक मागेच, पहिल्या जागी.

"हे कोन राह्यलं?"

"देवली," आभा म्हणाली. "तिला काढलं, आजी. वेळ कमी होता. तिचं काम दुसऱ्याला दिलं."

"काढलं?"

"हो."

"काढलं म्हंजे... ठेवलं कुठं?"

आभा हसली. पण कोणीच हसलं नाही. बबिता चहाचे कप उचलून आत गेली.

"पुस्तकात आहेच ना ती," आभा म्हणाली.

"तू सांगत होती तवा पुस्तक बंद होतं, बाई. तू आठ जन आनले. देवली तिथंच पहिल्या पडावावर हाये. तिले काय मालूम काढलं म्हनून? ते वाट पाहीन, अन् मंग निंघीन मागून. तिचं कामच मागून चालाचं हाये."

"माय, कायले घाबरवतं त्यायले," धरमसिंग म्हणाला. पण त्याचा आवाज खाली होता, आणि तो पाहत होता तुरीकडे.

"घाबरवत नाई. जाता जाता तिची गोष्ट सांग तोंडानं. सात पडाव सांग. पोचव तिले. अन् एक..." म्हातारीनं आभाचं मनगट धरलं. बोटं थंडगार होती. "तिनं नाव घेतलं तर हुंकार देऊ नको. हुंकार देल्ला का मानूस तांड्यातलं. मंग घर नाई."

हे वाक्य पुस्तकातलंच होतं. तिसऱ्या पडावाचं. आभाला ते पाठ होतं.

धरमसिंग सोबत यायला निघाला तर तिनं नको म्हटलं. शहाणपणाला कधी कधी अंधारायच्या वेळीच पाय फुटतात. सूर्य नुकता टेकला होता, उजेड होता, वाटही सरळ. गौरीचा हात धरून ती निघाली.

बरीचशी वाट सरल्यावर तिच्या ध्यानात आलं की शेंगांचा खुळखुळाट थांबलाय. वारा तर तोंडावर लागत होता. तूर हलत होती, पण आवाज नव्हता. आणि वास येत होता... ओल्या मिठाचा, बैलांच्या घामाचा.

"आई, मागे कोण आहे?" गौरीनं विचारलं.

"कोणी नाही. चल."

"पावलं वाजताहेत."

वाजत होती. अनवाणी, सावकाश. या दोघी थांबल्या की ती एक पाऊल जास्त पडून थांबायची. आभानं गौरीचा हात घट्ट धरला. मग तिनं स्वतःलाच बजावलं, सांग. गोष्ट सांग. काय बिघडतंय?

"पहिल्या पडावावर," ती मोठ्यानं म्हणाली, "देवलीनं मिठाची गोणी उतरवली आणि..."

आणि काय? तिला आठवेना. गोणी नायकानं उतरवली होती. नाही, ते तिनं स्वतः लिहिलेलं. पुस्तकात काय होतं? तिनं दुसरा पडाव आठवून पाहिला, तिसरा पाहिला. जिथं जिथं देवली असायला हवी, तिथं नायक उभा होता. दोन वर्षं घासूनपुसून लिहिलेली पटकथा पुस्तकावर चढून बसली होती. वडिलांच्या आवाजातलं, तापात ऐकलेलं ते सगळं... तिनंच पुसलं होतं. तिला रडू फुटलं, भीतीनं आणि त्याहून जास्त लाजेनं.

मागून आवाज आला. बाईचा. थकलेला, पण प्रेमळ.

"खेता, पोचला का?"

उजवीकडच्या तुरीतून कोणीतरी हुंकार दिला.

"सोनी, पोचली का?"

डावीकडून हुंकार आला. जवळून.

आभा पळू लागली. गौरी तिच्या मागे ओढली जात होती. नावं चालूच होती, एकामागून एक. आभा मनात मोजत होती. सात झाली. रस्त्यावरची गाडी दिसू लागली, आणखी दोनशे पावलं. आठवं नाव नायकाचं. हुंकार आला. नववं माणूस म्हणजे खुद्द देवली. आता तिला विचारायला कोणी उरलं नव्हतं.

पावलं अगदी पाठीशी येऊन थांबली.

"गौरी," आवाज मायेनं म्हणाला, "पोचली का?"

गौरीनं वळून पाहिलं. तिचा चेहरा खुलला, शाळेत हजेरीत नाव आल्यावर खुलतो तसा. तिनं तोंड उघडलं. आभानं झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला आणि दुसरं काही सुचेना म्हणून, लेकीच्या जागी, स्वतःच म्हणाली, "पोचले."

मग एकदम शेंगा खुळखुळल्या. वारा सुटला. दूर कुठंतरी ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं. मागे वाट मोकळी होती, आणि मातीत दोघींच्याच चपलांचे ठसे होते.

दोघी यवतमाळला पोचल्या. कुंदामावशींच्या घरात दिवे लागले होते, फोडणीचा वास येत होता. आभा पाण्यानं तोंड धुऊन आली आणि एका दमात म्हणाली, "मावशी, मी देवलीला परत घेणार आहे. कोणी काही म्हणो. नाहीतर मालिकाच सोडते."

"बाबा हेच म्हणाले असते. रुपीबाईचं होच समज," कुंदामावशी म्हणाल्या आणि कागद पुढे ओढून सही केली. आभाला इतकं हलकं वाटलं की ती तिथंच खुर्चीत बसली.

"गौरी, दार लाव गं," मावशी म्हणाल्या. "डास येताहेत."

गौरी उंबऱ्यात पाठमोरी उभी होती. तिनं दार लावलं नाही.

"सगळे येऊ दे ना, आजी."

"सगळे म्हणजे कोण? आपण तिघी तर आहोत."

"आई राहिलीय."

"गौरी," आभा खुर्चीतून म्हणाली, "मी इथं आहे, बाळा."

गौरीनं मान वळवली. पाहुण्यांकडे पाहावं तसं, नीट, शहाण्यासारखं तिनं आभाकडे पाहिलं. मग पुन्हा अंगणाकडे तोंड केलं आणि हाक मारली, "आई, पोचली का?"

बाहेर फाटकाची कडी वाजली. धापा टाकत, खूप लांबून चालत आलेल्या माणसाच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "पोचले गं."

आवाज आभाचाच होता. कुंदामावशींनी फाटकाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. आभानं उठायचा प्रयत्न केला, तर पाय जागचे हलेनात. वाटेवर हुंकार तिनंच दिला होता, आणि हुंकार दिला की घर नाही.

गौरी एका बाजूला सरकली, कोणाला तरी आत यायला वाट दिली, आणि मगच तिनं दार लावलं.